सायखेड्याचं सचित्र नाटक

मी रापी काढली तेव्हा दगूतात्यांनी पेटीच्या झाकणावर दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "अनसाबाई, पुस्तकाला पातं लावलं ना, तर तुझी-माझी ओळख संपली."

तात्यांच्या घरात पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं. मागच्या दारानं येत होतं आणि पुढच्याही. त्यात कांद्याची टरफलं होती, कोणाची तरी चप्पल होती, नदीत माजणाऱ्या पानवेलीचे हिरवे झुबके होते. बाहेर चक्क ऊन होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पूर म्हटला की लोकांना वाटतं वर आभाळ फाटलेलं असणार. सायखेड्यात त्या दिवशी पावसाचा थेंब नव्हता. पाऊस वर त्र्यंबकच्या बाजूला झाला होता, पाणी धरणातून सोडलं होतं, आणि ते उन्हात चमकत आमच्या अंगावर आलं होतं.

गल्लीच्या तोंडाला, जरा चढावर, शेजारचा बाळासाहेब ट्रॅक्टर चालू ठेवून उभा होता. ट्रॅक्टर गल्लीत शिरत नव्हता. त्यानं दोराचं एक टोक ट्रॅक्टरला आणि दुसरं आमच्या खिडकीच्या गजाला बांधून दिलं होतं आणि परत जाताना बजावलं होतं, "दोर धरून या. पाणी इंजिनाला लागलं तर मी थांबणार नाय. ट्रॉलीत अजून माणसं हायेत."

तात्या पेटीवर बसलेले. वय ऐंशीच्या पुढे. त्यांची सून शोभा उंबऱ्यात उभी, एक हात दोरावर. सासऱ्याला टाकून ती जाणार नव्हती. तिच्या मागे पुण्याहून आलेली मेघना. ती शोभाला टाकून जाणार नव्हती. आणि मी. मला जायचं होतं. मला पोहता येत नाही, आणि एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी बुडून मरायची माझी मुळीच तयारी नव्हती. पण तात्या उठल्याशिवाय कोणी हलणार नव्हतं, आणि पेटी घेतल्याशिवाय तात्या उठणार नव्हते. पेटी लोखंडी, उंच चौरंगावर ठेवलेली. आत जुन्या सचित्र नाटकांचे जाडजूड खंड. कोरडी असतानाही ती दोन गड्यांना दमवते.

म्हणून मी पुठ्ठा कापायची रापी काढली होती. रापीनं काय होणार होतं ते कळायला आधी माझं काम सांगावं लागेल.

मी पुस्तकं बांधते. शिक्षण चौथी पास. लग्न होऊन नाशकात आले तेव्हा सासरे आणि नवरा भद्रकालीत एका छापखान्याच्या मागच्या खोलीत बांधणी करायचे. मी घड्या घालायला बसले आणि उठलेच नाही. सासरे गेले, पुढे नवरा गेला, छापखाना बंद पडला, मी तेच करत राहिले. छापून आलेला मोठा कागद दुमडत गेलं की सोळा पानांचा एक गठ्ठा होतो, त्याला फर्मा म्हणायचं. फर्मे एकावर एक रचून पाठीतून दोऱ्यानं शिवायचे, ती जुजबंदी. मग पाठीला खळ लावायची, शिकंज्यात आवळून ठेवायचं, वाळलं की पुठ्ठा चढवायचा. खळ मैद्याची, त्यात मोरचूद, नाहीतर कसर लागते. एवढंच काम आहे. ज्याला ते फार थोर वाटतं त्यानं एकदा करून पाहावं, आणि ज्याला किरकोळ वाटतं त्यानंही.

नवी पुस्तकं आता यंत्र चिकटवतं. दोनदा उघडली की पानं हातात. माझ्याकडे येतात ती म्हातारी पुस्तकं आणि त्यांचे विचित्र मालक. एक निवृत्त मास्तर स्वतःच्या कविता नव्या छापून घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, शंभर वर्षांपूर्वीचं वाटेल असं बांधा." मी म्हटलं, "मास्तर, बांधते. पण आत तुमचा मोबाइल नंबर छापलाय." ते रागावून गेले आणि दोन दिवसांनी तेच पुस्तक, नंबरावर कागद चिकटवून, परत घेऊन आले. मी बांधून दिलं. आपल्याला काय.

सचित्र पुस्तक ही निराळी कटकट. चित्राचं पान जाड असतं, वेगळं छापलेलं असतं, एकेकटं असतं. ते फर्म्यात बसत नाही. मग काय करतात, त्याच्या कडेला खळीची रेघ ओढतात आणि शेजारच्या पानाला चिकटवून टाकतात. वर्षं गेली की खळ सुटते, चित्र खाली पडतं, आणि पडलेलं चित्र परत पुस्तकात जाईलच असं नाही. जे पडत नाही ते लोक ब्लेडनं कापून नेतात. वाचनालयांच्या पुस्तकांची मी आयुष्यभर डागडुजी केली, ब्लेडवाल्यांना इतक्या शिव्या कोणी घातल्या नसतील. एकदा एका मिठाईच्या दुकानात बघते तर वाचनालयाच्या नाटकातली नायिका फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी टांगलेली. गळ्यात झेंडूचा हार, समोर पेढा. मी म्हटलं, "हे आमच्या पुस्तकातलं आहे." दुकानदार म्हणाला, "बाई, देवीला उचलून नेणार का आता?" दुकानात गिऱ्हाईक होतं, सगळे माझ्याकडेच चोरटी असल्यासारखे बघायला लागले. मी पाव किलो चिवडा घेऊन घरी आले.

माझे सासरे चित्रं चिकटवत नसत. ते चित्राच्या कडेला मलमलची बारीक पट्टी लावायचे आणि ती पट्टी फर्म्यांबरोबर शिवून टाकायचे. वेळ चौपट लागतो. पण पान पूर्ण उघडतं, आणि चित्राच्या अंगाला दोरा लागत नाही. मी तेच शिकले, तेच करत आले. तात्यांच्या पेटीतले सगळे खंड मी असे बांधले होते. सायखेड्यात पूर्वी नाटक मंडळ होतं. ते मोडल्यावर त्यांची नाटकं तात्यांकडे राहिली, आणि सुटी पानं उडायला लागली तेव्हा त्यांनी ती कांद्याच्या गोणीत भरून माझ्याकडे आणली. जुनी नाटकं, सचित्र आवृत्त्या, एकेक चित्र तळहातापेक्षा मोठं. मी ती एकत्र करून खंड बांधले. एकेक खंड म्हणजे पाटा.

मेघना मला भेटली ती वाचनालयात. मी खिडकीपाशी बसून काम करत होते, ती टेबलावर तात्यांकडे आहेत त्यांतलंच एक नाटक उघडून बसली होती, आणि तिचं तोंड उतरलं होतं. मी जाऊन पाहिलं. चित्राच्या जागी नुसती कापलेली कड.

"सगळीकडे हेच, मावशी," ती म्हणाली. "मुंबईला हेच, कोल्हापूरला हेच. मजकूर आहे, चित्रं नाहीत."

"चित्रं कशाला हवीत तुला? नाटक वाच की."

ती हसली आणि मग तिनं नीट सांगितलं. ज्या गावांनी मोठ्या शहरातलं नाटक कधी पाहिलं नाही, त्यांनी नाटक बसवलं कसं? उभं कसं राहायचं, लुगडं कसं घ्यायचं, राजानं बसायचं कशावर? तिचं म्हणणं असं की ही मंडळी पुस्तकातली चित्रं बघून नाटक बसवायची. पण ते दाखवायला एखाद्या मंडळानं वापरलेली प्रत हवी, चित्रांसकट. नुसती स्वच्छ प्रत तिच्या कामाची नव्हती. तिच्याकडे शेवटची सुट्टी उरली होती, आणि विद्यापीठात ती रिकाम्या हातानं परत गेली असती तर सगळं काम तिथंच थांबणार होतं.

मी म्हटलं, "सायखेड्याला आहे. पण म्हातारा तिरसट आहे. अनोळखी माणसाला पेटी उघडून दाखवणार नाही. मी येते."

सकाळच्या एसटीनं गेलो. पुलावरून जाताना गोदावरी भरलेली दिसली, खांबांना पानवेली अडकलेल्या दिसल्या. श्रावणात हे असतंच. कंडक्टरही काही बोलला नाही.

तात्यांनी मेघनाला आधी नीट न्याहाळलं. मग मला विचारलं, "ही कोण? तुझी नात?"

"नाही. नाटकाच्या चित्रांवर शिकते."

"शिकून काय करते?"

"तुमच्यासारख्यांना त्रास देते," मेघना म्हणाली. तात्यांना ते आवडलं. त्यांनी कमरेची किल्ली काढली.

पुढचे दोन-तीन तास चांगले गेले. ते मी नाकारणार नाही. मेघनानं भिंग काढलं आणि मला दाखवलं की चित्रातला रंग हा रंग नसतो, ठिपके असतात. प्रत्येक रंगाचा छापायचा दगड वेगळा, आणि लाल सगळ्यांत शेवटी छापल्यामुळे नायिकेचे ओठ जरासे गालावर सरकलेत. ती पानं मी एकेक करून हातातून काढली होती, शिवली होती, पण हे मला दिसलं नव्हतं. मग तिनं कुंकू पाहिलं. दर दसऱ्याला तात्या पेटी उघडून पुस्तकांची पूजा करायचे आणि चित्रातल्या प्रत्येक नायिकेला कुंकू लावायचे. काहींची तोंडंच दिसेनाशी झाली होती. मी बांधताना त्यावरून तात्यांना झापलं होतं. बांधणाऱ्याला डाग म्हणजे डोकेदुखी. मेघना मात्र एकेका डागाचा फोटो काढत होती, तेलाच्या बोटांचा, कपडे बेतताना शिंप्यानं टाचणी टोचल्याच्या भोकांचा, आणि प्रत्येक चित्राशी खुणेची कागदी चिठ्ठी घालत होती.

"तात्या, तुम्ही कोणतं काम करायचात?"

"बाईचं," शोभा आतून म्हणाली. "अजून करतात. भांडताना बघा एकदा."

तात्या उठले. एक पाय पुढे, कंबर जराशी मोडलेली, उजवा हात वर, डावा कोपर कशावर तरी टेकलेला. म्हातारा माणूस, टक्कल पडलेलं, बंडी घातलेली, आणि हुबेहूब पुस्तकातलं चित्र. मेघना मांडीवरचं पुस्तक बघे, तात्यांना बघे.

"हा कोपर कशावर आहे?"

"खांबावर. आमचा खांब होता ना. लाकडी. बैलगाडीत घालून न्यायचो. जिथं नाटक तिथं खांब."

"का?"

"नायिका खांबाला टेकून उभी राहती. चित्रात हाय."

मेघनानं पान उलटलं. "पण तात्या, हा प्रवेश तर जंगलातला आहे. इथेही खांब?"

"इथं बी."

"जंगलात खांब कुठून येईल?"

"मला काय इचारती? चित्रकाराला इचार." तात्या थोडे चिडले. "एकदा चांदोरीला खांब न्यायचा राहून गेला. नायिका उभी कुठं राहणार? नाटक थांबवलं, गाडी परत पाठवली, खांब आला, मग तिसरा अंक सुरू झाला."

मेघना इतकी हसली की तिला ठसका लागला. चित्रकारानं चौकट भरायला एक खांब काढला होता, आणि सायखेड्याच्या मंडळानं तो पिढ्यान् पिढ्या वाहिला. ती म्हणाली, "मावशी, मला हेच हवं होतं. अगदी हेच." मला तिचं काम तेव्हा कळलं.

मधेच ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला. पाणी सोडलंय, नदीकाठच्यांनी हलावं. तात्यांनी हात झटकला. "दर साली बोंबलतेत. पाणी पिंपळाच्या पाराला लागल्याबिगर आपल्या दारात येत नाय. माझ्या आज्याच्या वक्ताला बी नाय आलं."

नदीकाठच्या माणसांची ही अशी खूण असते आणि तिच्यावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास असतो. शोभा दोनदा जाऊन पार बघून आली. पार कोरडा. तिचा नवरा पहाटेच कांदा घेऊन लासलगावला गेला होता. त्याचा फोन आला, "पूल बंद केला. मी अडकलो. तात्यांना घेऊन निघ." शोभानं सांगितलं, तात्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा पार दाखवला. तरी शोभानं गव्हाची पोती भिंतीतल्या रुंद फळीवर चढवायला घेतली. आम्ही दोघींनी हात लावला.

पाणी पाराकडून आलंच नाही. ते मागून आलं. घरामागे एक नाला आहे, एरवी त्यात बकऱ्या चरतात. नदी फुगली आणि त्या नाल्यानं उलटी शिरली. मागच्या दाराखालून आधी एक चपटी जीभ आली, मग दार आपोआप उघडलं. आम्ही सगळे पुढे बघत बसलो होतो.

त्यानंतर सगळं भराभर झालं. शोभानं गॅस बंद केला, कागदपत्रांची पिशवी गळ्यात अडकवली. तात्या म्हणाले, "गहू खाली काढ. पुस्तकं वर ठेव."

"गहू खाली येणार नाही," शोभा म्हणाली.

"मी सांगू राहिलो ना."

"आणि मी ऐकू नाही राहिले. वर्षभर काय, चित्रं खायची?"

बाळासाहेब दोर घेऊन आला तो याच वेळी. त्यानं तात्यांना उचलायला हात घातला, तर तात्यांनी पेटीचं कडं धरलं आणि सोडेनात. तो म्हणाला, "पेटी मला एकट्याला नाय जमायची, ट्रॅक्टर सोडून मला थांबता बी येत नाय," आणि गेला. मी म्हटलं, "तात्या, एक खंड घ्या. एक मी छातीशी धरते."

"कोणता?" ते म्हणाले. "कोणता घेऊ आणि कोणता बुडवू? ह्याच्यात रामभाऊचं काम हाय, त्याच्यात आमच्या किसनाचं. सगळे गेले. मी एकटाच उरलो. कोणाला ठेवू सांग." आणि झाकण लावून पेटीवर बसले.

तेव्हा मी पिशवीतून रापी काढली.

"पुस्तकं न्यायची नाहीत," मी म्हटलं. "चित्रं न्यायची. उठा."

ओळख संपल्याचं तात्या तेव्हाच बोलले. मेघनाचं तोंड पांढरं पडलं. "मावशी, नको ना. चित्र मजकुरातून काढलं की कोणतं चित्र कुठलं, काहीच राहत नाही."

"मजकूर ह्यांच्या तोंडात आहे. सगळी नाटकं पाठ आहेत. चित्रं कुठे पाठ होतात?"

"पाठ हाय म्हणून काय झालं?" तात्या ओरडले. "तूच बांधलीस ना? मला म्हणलीस, आता शंभर वर्षं बघायला नको."

म्हटलं होतं मी तसं. ते आठवून थांबायची ती वेळ नव्हती. पाणी मांडीला लागलं होतं आणि गल्लीतून बाळासाहेबाचा आवाज येत होता, "ओ तात्या! नाटक नंतर करा! इंजिन जाईल माझं!"

मग शोभानं दोर सोडला. ती आत आली, पेटीशेजारी पाण्यात मांडी घालून बसली. पाणी तिच्या छातीच्या वर आलं. गळ्यातली कागदांची पिशवी तिनं डोक्यावर धरली.

"काय करू राहिली?" तात्या म्हणाले.

"बसू राहिले. तुम्ही बसा, मी पण बसते. लेकरं मामाकडे आहेत. त्यांना काय सांगायचं ते तुमचा पोरगा बघेल."

"ऊठ."

"तुम्ही उठा."

ती रडत नव्हती, ओरडत नव्हती. भाजी निवडायला बसावं तशी बसली होती. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते पेटीवरून उतरले, तिच्या दंडाला धरून तिला उभं केलं आणि मला म्हणाले, "कर काय करायचं ते. मी बघणार नाय." आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मेघनानं झाकण उघडलं. खंड पेटीच्या काठावर टेकवून ती चिठ्ठी बघून पान उघडायची, मी मलमलच्या पट्टीवरून रापी खाली ओढायची. पट्टी कापली जात होती, चित्राला पातं लागत नव्हतं. शोभा चित्र घेऊन खताच्या रिकाम्या गोणीत सरकवत होती. गोणीला आत प्लास्टिक होतं. आयुष्यभर जे शिवलं ते उसवायला शिवण्यापेक्षा फारच थोडा वेळ लागतो, हे सांगते. तळाचा खंड उचलला तेव्हा खालचे फर्मे भिजून फुगले होते. त्यातल्या एका चित्राची चिठ्ठी पाण्यात सुटून गेली होती. ते चित्र कापायचं राहिलं. कोणतं, ते मला माहीत आहे. मला ते अजून सलतं.

गोणीचं तोंड बांधलं, शोभाच्या जुन्या लुगड्यानं ती तात्यांच्या पाठीवर आवळली. आधी शोभा, मग तात्या, त्यांच्या मागे मेघना, शेवटी मी. गल्लीत पाणी कमरेच्या वर होतं आणि ओढत होतं. पायाखाली काय आहे कळत नव्हतं. गल्लीच्या मध्यावर उघडं गटार आहे, ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तात्या तिथंच ऐंशी वर्षं राहतात, आणि तात्यांचाच पाय त्यात गेला. ते एकदम खाली गेले. दोर सुटला. मला फक्त गोणीचा पांढरा कोपरा दिसला.

मेघनाच्या एका हातात दोर होता आणि दुसऱ्या हातात डोक्यावर धरलेली कॅमेऱ्याची बॅग. सकाळपासूनचे सगळे फोटो त्यात होते. तिनं बॅग सोडली आणि गोणीला धरलं. विचार करून सोडली असं मी म्हणणार नाही, विचाराला वेळच नव्हता. बॅग पानवेलीवर अडकून थोडी पुढे गेली आणि बुडाली. मी मागून तात्यांचं धोतर धरलं, शोभानं पुढून मान धरली, आणि बाळासाहेब ट्रॅक्टर तसाच चालू ठेवून पाण्यात आला. आम्ही त्यांना ओढत ट्रॉलीपर्यंत नेलं. ते खोकत होते आणि खोकताना शिव्या देत होते, म्हणून मला बरं वाटलं.

चढावरच्या शाळेत सगळ्यांना नेलं. मी गोणी उघडली. तोंडातून पाणी शिरलं होतं. ओलं चित्र उन्हात ठेवायचं नसतं. ऊन लागलं की कागद वाकडा होतो, आणि एकमेकांवर राहिलेली पानं अशी चिकटतात की देवाला सुटायची नाहीत. मी मास्तरांकडून रद्दी मागितली, एक चित्र, एक वर्तमानपत्र, एक चित्र, एक वर्तमानपत्र, असं रचून वर बाक उपडं घातलं. ओली रद्दी काढून कोरडी घालत राहिले. कुंकवाचा रंग ओघळला होता. एका राजाची दाढी लाल झाली, एका ऋषीचं अख्खं तोंड. पण बाकीची वाचली. बहुतेक सगळी वाचली.

तात्या पलीकडच्या भिंतीला टेकून बसले होते. मी चहा नेला. त्यांनी तो माझ्याकडून न घेता शोभाच्या हातून घेतला.

पाणी उतरल्यावर कळलं की ते फळीच्याही वर गेलं होतं. गहू गेला. पेटी गाळात सापडली. मी बजावून आले होते की खंड मला न विचारता वाळवू नका, पण तात्यांच्या मुलानं ते पत्र्यावर कांद्यासारखे उन्हात मांडले. त्यांच्या विटा झाल्या. कुठून उघडायच्या ते कळेना. शेवटी टाकून दिल्या.

मेघनाचं काम झालं. चित्रांचे फोटो तिनं नव्यानं काढले, खांबाबद्दल लिहिलं, आणि चित्रं पुरात पुस्तकातून कापून काढावी लागली हेही लिहिलं. तिनं एक गोष्ट सुचवली. वाचनालयात मजकूर आहे आणि चित्रं नाहीत, तात्यांकडे चित्रं आहेत आणि मजकूर नाही, तर दोन्ही एकत्र बांधावं. मला ते पटलं. मी स्वतः सायखेड्याला जाऊन विचारलं. तात्या शोभाला म्हणाले, "तिला सांग, माझी चित्रं दुसऱ्याच्या पुस्तकात जाणार नायत." मी चित्रांसाठी मजबूत पुठ्ठ्याची पेटी बांधून दिली, आत मलमल लावून. त्यांनी ती फिरवून पाहिली आणि पुन्हा शोभाला म्हणाले, "डबा दिला. पुस्तक नाय दिलं." खरं आहे. डबाच आहे तो.

मागे एका कार्यक्रमात एक जाणकार गृहस्थ मला भेटले. त्यांनी मेघनाचं लिखाण वाचलं होतं. म्हणाले, "बाई, तुम्ही स्वतः बांधणी करणाऱ्या, आणि एवढ्या दुर्मीळ प्रती तुम्ही कापल्यात?" मी म्हटलं, "कापल्या." ते पुढच्या उत्तराची वाट बघत राहिले. मला भूक लागली होती, मी जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

त्या दुपारी त्या घरात आम्ही चार माणसं होतो. दगूतात्या, शोभा, मेघना आणि मी. चौघंही जिवंत बाहेर आलो.